फोटोंच्या पाठची अक्षरं

घर, ४ जानेवारी

चि. भिंगरी यास ताईचे अनेक आशीर्वाद.

आधी एका जागी बस, मग पत्र वाच. चालता चालता नको. बाबांची तब्येत स्थिर आहे, पण झटक्याने उजवी बाजू गेली ती गेलीच, आणि वाचाही. ऐकू येतं, कळतं सगळं, पण तोंडातून शब्द म्हणून निघत नाही. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांशी गप्पा मारत कात्री चालवलेला शिंपी आता डाव्या हाताने चादरीची शिवण चाचपत पडून असतो.

तुझ्याकडे एक काम आहे. मी एक वही केली आहे. तिच्यात घरातली जुनी माणसं लिहून ठेवायची आहेत, कोण कुणाचं कोण. आईला सासरची निम्मी माणसं ठाऊक नाहीत, आणि बाबांच्या भावंडांपैकी कुणी उरलं नाही. पण बाबांनी प्रत्येक फोटोच्या पाठीमागे पेन्सिलीने सगळं लिहून ठेवलंय, हे आईला पक्कं आठवतं. ते अकरा फोटो एक्स-रेच्या पाकिटात घालून तू गेल्या खेपेला घेऊन गेलास. ओल लागलीय, आमच्या आरसे-फ्रेमच्या कारखान्यात फ्रेम करून आणतो म्हणालास. फ्रेमचं होईल तेव्हा होईल, पण मागचा मजकूर आधी उतरवून पाठव. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण मला चालेल.

वेळेवर जेवतोस का, असं आई विचारते आहे. खरं उत्तर लिही आणि आमच्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी ताई


२० जानेवारी

ती. ताईस भिंगरीचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. बसून वाचलं. मी मजेत आहे. इथं कामाचा नुसता धुरळा उडालाय. एका हॉटेलाचे दीडशे आरसे आलेत आणि मालकानं आता मला काच कापायला दिली आहे. बाबांना सांग, तुमचा मुलगा एका नोकरीत दहा महिने टिकला. त्यांना चक्कर येईल.

फोटो एकदम झकास झालेत. तू ओळखणार नाहीस. मागचं जरा पुसट आहे, सवड काढून पाठवतो. आईला सांग, दोन्ही वेळा जेवतो.

राग नसावा, लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझा भिंगरी


३ फेब्रुवारी

चि. भिंगरी यास आशीर्वाद.

पत्र इतकं आखूड आलं की मी कागद उलटून मागेही पाहिलं. पाचवीत शाळा सोडलीस तेव्हाही तीन आठवडे रोज दप्तर घेऊन घरातून निघत होतास आणि आज काय शिकलास विचारलं की मजेत म्हणत होतास. काय झालंय ते लिही.

तू मजकूर पाठवणार आहेस असं मी बाबांना सांगून बसले. तेव्हापासून टपाल आलं की ते डावा हात उचलतात आणि तळवा पालथा करतात. पहिल्यांदा कळेना. मग आई म्हणाली, फोटो पालथा कर म्हणतायत. रोज असं करतात. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका कधी येईल सांगता येत नाही. तेव्हा आज-उद्या करू नकोस, बाळा.

वाट पाहणारी,
ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

फोटोंच्या मागे काही उरलेलं नाही. फोटो हार्डबोर्डवर कायमचे चिकटवलेत. मीच. पण तेवढंच असतं तर बरं होतं. आमच्याकडे रीत अशी की चिकटवायच्या आधी फोटोची पाठ ओल्या फडक्यानं पुसायची, म्हणजे गम पक्का बसतो. आणि त्याही आधी पाठ बघायची. काही लिहिलेलं असेल तर ते कागदावर उतरवून फ्रेमच्या मागे लावायचं. आमचे म्हातारे कारागीर यात फार कडक. त्यांनी मला विचारलं होतं, मागे काही आहे का. मी म्हणालो, काही नाही.

लिहिलेलं दिसलं होतं मला, ताई. बारीक, जोडून लिहिलेलं, पाठभर. मला ते लागेना. छापलेलं मी वाचतो, तुझं सुटं टपोरं अक्षरही लागतं, पण असं जोडून लिहिलेलं अडतं. आजूबाजूला चार पोरं काम करत होती. बापाच्या हातचं मुलाला वाचता येत नाही, हे त्यांच्यासमोर कसं सांगू? म्हटलं, असेल काहीतरी मापंबिपं, बाबा कुठंही मापं लिहितात. आणि पुसलं. अकराच्या अकरा. फडकं काळं झालेलं दिसलं, तरी थांबलो नाही.

तुझं पहिलं पत्र आल्यावर एक फोटो वाफेवर धरून सोडवायला गेलो. कागदाचे पापुद्रे निघाले. एका बाईचा अर्धा खांदा गेला. मग बाकीच्यांना हात लावला नाही. आणि तुला लिहिलं, पुसट आहे.

बाबांना यातलं सांगू नकोस. हवं तर सांग की प्रवासात हरवले. तू मला काय म्हणायचं ते म्हण.

तुझा म्हणायची लाज वाटते,
भिंगरी


२१ फेब्रुवारी

चि. भिंगरी यास आशीर्वाद.

रागावले नाही असं लिहिलं तर खोटं होईल. दोन दिवस मी वही उघडली नाही. आईला सांगितलं, ती नुसती भांडी घासत राहिली.

फोटो हरवले, हे मी बाबांना सांगणार नाही. जे झालं तेही सांगणार नाही. ते तू सांगायचंस, समोर उभा राहून. तुला जोडून लिहिलेलं वाचता येत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे, वेड्या; कुणाकडून तरी वाचून घेशील असं मी धरून चालले होते. लपवून ठेवलं होतंस ते फक्त स्वतःपासून.

मागची अक्षरं गेली, पण पुढचे चेहरे आहेत ना अजून? आणि बाबाही आहेत. सगळे फोटो घेऊन ताबडतोब नीघ.

ताई


१९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. मालकानं रजेचा एक दिवस जास्त झाला म्हणून बोल लावले, ते ऐकून घेतले.

तू कामावर गेली होतीस तेव्हाचं तुला सांगायचं राहिलं. तुझ्या देखत तोंड उघडेना. बाबांच्या खाटेपाशी एक फ्रेम घेऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. फडक्याचंही सांगितलं. त्यांनी तळवा पालथा केला. मी फ्रेम पालथी केली. कोऱ्या हार्डबोर्डवरून ते बराच वेळ हात फिरवत होते. मारलं असतं तर सोपं गेलं असतं. मग स्वतःच डाव्या हातानं फ्रेम उलटी करायला लागले. मी हात लावला तर झिडकारला. पाच मिनिटं गेली असतील. सरळ केली आणि फोटोतल्या माणसाच्या कॉलरवर बोट ठेवलं.

संध्याकाळी तू आलीस आणि म्हणालीस, बाबांना आता चेहरे लागत नाहीत, पण स्वतः शिवलेले कपडे आणि ते कुणाचे हे बरोबर ओळखतायत. पुढचं तुझ्यासमोरच झालं. तू आईकडून ऐकलेली नावं घेत गेलीस, ते मान हलवत गेले. सात फोटोंतली माणसं लागली. उरलेल्या चारांतले कपडे त्यांच्या हातचे नव्हते. तिथं त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. ती नजर इथं काच कापतानाही समोर येते.

त्या चार फोटोंसाठी तू वहीत पानं कोरी सोडलीस आणि म्हणालीस, काळाच्या ओघात माहिती गेली असं लिहू. तसं लिहू नकोस. सोबत एक कागद धाडतो आहे, तो तिथं लाव. शुद्धलेखन सुधारू नकोस. कागद लावण्याआधी बाबांना वाचून दाखव.

आईला नमस्कार. मला घरातलाच समज.

भिंगरी


(सोबतचा कागद)

या चार फोटोतली माणस आपली आहेत. त्यांची नाव बाबांनी मागे लीहीली होती. मला वाचता येत नव्हत आणि ते सांगायची लाज वाटली म्हणुन मी ती पुसली. काळाने नाही पुसली.

धाकटा मुलगा