वगळलेले एकशे सतरा नमुने

माझ्या स्वादुपिंडातली गाठ यकृतात पसरली असल्याचे सोमवार, दिनांक १० नोव्हेंबर २०२५ रोजी डॉ. दिपाली भोयर यांनी मला सांगितले. किती दिवस, असे मी विचारले. त्यांनी रिपोर्ट पुन्हा पाकिटात घातला आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमचा जन्म आकड्यांत गेला, तुम्हाला गोल गोल काय सांगू? आठ ते दहा आठवडे." त्याच भेटीत त्यांनी मला तारीख विचारली, जिल्हा विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले आणि माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला लिहून दिला. तो सोबत जोडला आहे.

त्या दाखल्याच्या भरवशावर मी, साधना विठ्ठलराव गावंडे, वय ६८, निवृत्त आहारशास्त्रज्ञ, राहणार बाभुळगाव, जिल्हा यवतमाळ, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीचे आणि माझ्या चुकीचे काय करायचे ते लिहून ठेवत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट एकाने लिहू नये म्हणून बरीच गळ घातली. त्याचा उल्लेख पुढे येईल. २०१४ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. ते लिहिताना माझे काम बरोबर आहे असे मी धरून चालले होते.

१. माझ्या मृत्युपत्राची अंमलबजावणी वर्षा धावजी आडे हिने करावी. ती महागाव तालुक्यात परिचारिका आहे. टेकडी तांड्यावरच्या रामीबाईची ती मुलगी. मी तिला नऊ वर्षांची असल्यापासून ओळखते. ती मला मावशी म्हणते. गेल्या आठवड्यापासून म्हणत नाही, पण काम मात्र करीन म्हणाली आहे.

२. बाभुळगाव येथील माझे दोन खोल्यांचे घर, अंगणातल्या शेवग्यासह, वर्षाला द्यावे. माझ्या भावकीत यावरून चर्चा होईल. ती करणाऱ्यांनी आधी कलम ५ वाचावे.

३. वडिलांकडून माझ्या वाट्याला आलेले शेत माझा भाचा गोपाल यास द्यावे. अट एकच आहे. तो अंबाडीची भुकटी आणि सरबत पाकिटांत भरून विकतो. पाकिटावर माझा फोटो आहे आणि खाली 'डॉ. साधना गावंडे यांच्या संशोधनानुसार' असे छापलेले आहे. फोटो आणि ओळ, दोन्ही काढल्याशिवाय शेताचा कागद त्याच्या हाती देऊ नये.

हे मी त्याला तोंडी सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मावशी, एवढ्या वर्षांनी हे कायले उकरून राह्यली? कोणी विचारलं का तुले?"

"कोणी विचारलं नाही, म्हणूनच."

"अवं, लोक तुहा फोटू पाहून पाकीट घेतेत."

"तुझा लाव. तू माझ्यापेक्षा गोरा आहेस."

तो हसला नाही. जाताना म्हणाला, "तू मोठी झाली ते त्याच कागदानं. आता तोच फाडून राह्यली." हे त्याचे म्हणणे खरे आहे, म्हणून इथे लिहिले. अंबाडी वाईट आहे असे मी कुठेही म्हटलेले नाही, हेही त्याच्या माहितीसाठी.

४. पितळी तराजू, प्रमाणित वाट्यांचा संच आणि मापाचे चमचे वर्षाला द्यावेत. या वाट्या घेऊन मी बावीस गावे आणि अकरा तांडे फिरले. त्यांत दोष नव्हता.

५. आता मुख्य गोष्ट. हे कलम वाचून दाखवताना कोणी गाळू नये.

माझे संशोधन साध्या प्रश्नावर होते. पालेभाज्या, फळे, तेलबिया यांत अशी द्रव्ये असतात जी शरीराच्या पेशींची झीज थोपवतात. त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. ही द्रव्ये भरपूर खाणाऱ्यांना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार कमी होतात का, ते मला पाहायचे होते. २००३ ते २००६ या काळात मी महागाव तालुक्यातल्या अकरा तांड्यांवर ते पाहिले. तिथे अंबाडी, तरोट्याचा पाला, जवस, लाल मिरची रोजच्या खाण्यात होती. रोज घरी जायचे, भाजीचे भांडे वाटीने मोजायचे, घरातल्या माणसांच्या संख्येने भागायचे. जो भागाकार येईल तो प्रत्येकाचा आहार.

भांडे असे कोणत्याच घरात वाटले जात नाही. हे समजायला मला तांड्यावर जायची गरज नव्हती. माझी आई तानाबाई सगळ्यांचे झाल्यावर बसत असे आणि कढईला लागलेले भाकरीने पुसून खात असे. मी चाळीस वर्षे ते पाहिले होते. तरी वहीत भागाकार केला.

सप्टेंबर २००४ मध्ये आम्ही रक्ताचे नमुने घेतले. मार्च २००५ मध्ये आकडे आले. पुरुषांचे आकडे वहीशी जुळत होते. एकशे सतरा बायकांचे जुळत नव्हते. वहीप्रमाणे त्या रोज दीड वाटी पालेभाजी खात होत्या. रक्ताप्रमाणे जवळजवळ काहीच नाही. कॅरोटीन तळाला, अ जीवनसत्त्व तळाला. त्या वर्षी लोडशेडिंग रोज सात-आठ तास होते. मी लिहिले की वीज गेल्याने बायकांचे नमुने खराब झाले, सबब वगळले आहेत. परीक्षकांनी ते मान्य केले. लोडशेडिंगवर कोण शंका घेणार?

पुरुषांचे नमुने त्याच फ्रीजरमध्ये, त्याच खणात होते. ते मी खराब ठरवले नाहीत.

२००७ साली शोधनिबंध छापून आला. तांड्यांवरच्या बायकांचा आहार संरक्षक द्रव्यांनी समृद्ध आहे, असा वहीतल्या भागाकारावरून काढलेला निष्कर्ष होता. मला पारितोषिक मिळाले, पद मिळाले. पुढे पूरक आहाराची यादी झाली तेव्हा हे अकरा तांडे 'आहार समाधानकारक' म्हणून तिच्यातून सुटले. यादी करणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी माझे वाक्य उतरवून घेतले होते.

२०१९ साली वर्षा नोकरीला लागली आणि तिने आपल्याच तांड्यावर पाहणी केली. तिचा कागद मी तपासायला घेतला. बायकांच्या रकान्यात भाकर, मीठ, मिरची, एवढेच. मी म्हणाले, भाजी लिहायची राहिली आहे. ती म्हणाली, "मावशी, भाजी सरते तवा बाया बसतेत. तुमी भांडं मोजत होत्या. मी ताट पाह्यते."

ती गेल्यावर मी जुनी यादी काढली. रामीबाईचा नमुना क्रमांक ८४ होता. एकशे सतरांत सर्वांत खालचा.

रामीबाई कोण, हे न ओळखणाऱ्यांसाठी लिहिते. तांड्यावर मी तिच्याच घरी उतरत असे. तिचा नवरा धावजी तेव्हा तांड्याचा नायक होता. मी भांड्यात वाटी बुडवायला लागले की ती म्हणायची, "बाई, मोजून घ्या, मोजून. नाहीतर सासू म्हणीन सुनंनं चाटली." आम्ही दोघी हसायचो. ती ऊन असतानाच स्वयंपाक उरकायची. मी वहीत लिहिले, 'तांड्यात सूर्यास्तापूर्वी रांधण्याची पद्धत.' अंधार पडू लागला की ती वर्षाच्या खांद्यावर हात ठेवून चालायची. मला वाटे, लाड करते. तिला दिवस मावळल्यावर दिसत नव्हते. अ जीवनसत्त्व इतके खाली गेले की असे होते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला हे माहीत असते. तिने कधी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

१९ जानेवारी २००६ रोजी दिवस मावळताना रामीबाई तांड्याच्या विहिरीत पडून मरण पावली. त्या दुपारी वर्षाला वसतिगृहात ठेवण्यावरून तिचे आणि धावजीचे भांडण झाले होते. रामीबाईला मुलीला शिकवायचे होते. धावजीने रागात 'जा, जाऊन पड कुठं तरी' असे म्हटले, आणि पोलिसांपुढे ते त्याने आपणहून सांगितले. सगळ्यांनी धरले की तिने उडी घेतली. कागदावरही तेच गेले. धावजीने नायकपण सोडले. वर्षाला त्याने स्वतः वसतिगृहात पोचवले आणि परत येताना, असे म्हणतात, तो रस्त्यावर बसून राहिला होता.

मी तिसऱ्या दिवशी तिथे गेले होते. एक घागर भरून काठावर उभी होती. दुसरी पाण्यात सापडली. जीव द्यायला निघालेली बाई पाणी भरत बसत नाही, हे मला तेव्हाच वाटले होते. पण का पडली असेल, याचे उत्तर माझ्या कपाटात 'खराब नमुने' या पाकिटात होते आणि मी ते उघडले नाही. 'खात्रीने' हा शब्द मी जपून वापरते. रामीबाई पडली, तिने उडी घेतली नाही, असे मी खात्रीच्या जवळ जाऊन लिहिते. मार्च ते जानेवारी असे दहा महिने ते आकडे माझ्याजवळ होते. अ जीवनसत्त्वाची मात्रा दिली असती तर काही दिवसांत तिला पुन्हा दिसू लागले असते.

२०१९ पासून आजपर्यंत मी गप्प राहिले. त्याला लोडशेडिंगचे कारण नाही.

६. मंगळवारी, ११ तारखेला, मी वर्षाला हे सारे सांगितले. तिने यादीतला ८४ क्रमांक स्वतः शोधून त्यावर बोट ठेवले. मग म्हणाली, "सहा वर्षं तुमी मले चहा पाजून राह्यल्या, अन् हे पोटात ठेवून?" मी हो म्हटले. तिने आणखी एकच विचारले, "याडीनं उडी नाही घेतली, हे माह्या बा ले कोण सांगन?" याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. मी सांगीन, असे मी म्हणाले. "तुमीच सांगा," ती म्हणाली. "मी नाही सांगत. ते सांगायचं त एकोणीस वर्षं आधी सांगायले पाह्यजे होतं."

७. माझ्या सर्व वह्या, रक्ताच्या नोंदी आणि 'खराब नमुने' हे पाकीट वर्षाच्या ताब्यात द्यावे. काहीही जाळू नये, अगदी माझ्या सोयीसाठीसुद्धा. शोधनिबंध मागे घ्यावा असे पत्र मी १२ तारखेला नियतकालिकाच्या संपादकांना पाठवले आहे. त्यांचे उत्तर आले आहे. निर्णयाला तीन महिने लागतील. डॉ. दिपालींचा अंदाज तिथपर्यंत पोचत नाही, म्हणून पुढचा पत्रव्यवहार वर्षाने करावा. निबंध मागे घेतल्याचे कळताच त्याची प्रत पूरक आहाराच्या यादीवाल्या कार्यालयात द्यावी आणि अकरा तांडे यादीत येईपर्यंत सोडू नये. ती सोडणारी नाही.

८. बँकेत जे काही आहे त्यातून अकरा तांड्यांवरच्या बायकांची नवी पाहणी व्हावी. एकशे सतरांपैकी बासष्ट जणी आज हयात असल्याचे वर्षाने शोधले आहे. त्यांचे डोळे आणि रक्त आधी तपासावे, आणि ज्यांना औषध लागेल त्यांना ते त्याच दिवशी द्यावे. आकडे जुळतात की नाही ते नंतर पाहावे. निष्कर्षावर माझे नाव घालू नये.

९. माझ्यावर विद्युतदाहिनीत किंवा लाकडावर, जे सोपे असेल तसे अंत्यसंस्कार करावेत. तेरवीचे जेवण घालायचेच असेल तर पहिली पंगत बायकांची बसवावी. वाढायला पुरुषांनी उभे राहावे. गोपाल, हे तुझ्यासाठी आहे.

१०. मी कोणाशी भांडण मागे ठेवत नाही. ज्या सहकाऱ्याने २००५ साली मला विचारले होते, "एकाच फ्रीजरमध्ये बायकांचेच नमुने कसे खराब झाले?" त्याच्याशी मी पुढे वर्षभर बोलले नाही. तो पूनमसिंग आता हयात नाही. त्याच्या बायकोला, लीलाबाईंना, या मृत्युपत्राची एक प्रत द्यावी आणि तो बरोबर होता असे सांगावे.

११. शनिवार, दिनांक २२ नोव्हेंबर रोजी दुपारी तीन वाजता टेकडी तांड्यावरच्या समाजमंदिरात मी कलम ५ स्वतः वाचणार आहे. डॉ. दिपाली प्रवासाला नको म्हणाल्या. मग गाडीत मागच्या सीटवर उशा लावा म्हणाल्या. मला जाता आले नाही तर वर्षा तिथून मला फोन लावील आणि मी घरून वाचीन. मी नसलेच, तर हा कागद तिने वाचायचा आहे आणि तिने ते कबूल केले आहे.

समाजमंदिरात जाण्याआधी धावजीच्या घरी जायचे ठरले आहे. वर्षाने त्याला फोनवर एवढेच सांगितले की साधनाबाई येणार आहे, तिला रामीबाईबद्दल बोलायचे आहे.  तो म्हणाला, आता काय बोलायचे राहिले आहे. फोन ठेवताना म्हणाला, "येऊ दे. जेवूनच जाय म्हणा."

मला आता जेवण जात नाही, हे त्याला माहीत नाही. दुसरेही माहीत नाही. ताट येण्याच्या आधी मी त्याला सांगणार आहे. ते ऐकल्यावर मला त्याच्या घरात बसू द्यायचे की नाही, हे धावजी ठरवील.

सही
साधना विठ्ठलराव गावंडे

आमच्यासमोर साधनाबाईंनी हा कागद स्वतः वाचून सही केली. वाचताना त्या दोनदा थांबल्या, पण एकही शब्द बदलला नाही. यातून आम्हा दोघांना काहीही मिळणार नाही.

साक्षीदार
१. डॉ. दिपाली भोयर, यवतमाळ
२. डोमाजी सोनोने, शेजारी, बाभुळगाव

ठिकाण: बाभुळगाव, जिल्हा यवतमाळ
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५