मणिमहेशला जायचं म्हणून

नाशिक, रविवार, १३ मे १९७९

आज पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढताना हे चार वेळा थांबले. दरवेळी वाकून बुटाची नाडी बांधायची. एकच नाडी चार वेळा कशी सुटेल? श्रावणानंतर हिमालयात मणिमहेशच्या तळ्यावर जायचं, तेही तेरा हजार फुटांवर, म्हणून दर रविवारी हा सराव. आणि इथे दोनशे पायऱ्यांत शर्ट घामाने चिंब.

शेवटी मी खाली बसून पाहिलं. नाडीची गाठ पक्की होती.

"अहो, खरं सांगा. दम लागतोय ना?"

"महिनाभर लागतोय. पण तुला लग्नापासून त्या तळ्याचं वेड. माझ्यापायी राहायला नको."

मला रडू आलं. दया आली म्हणून? नाही, इथे तरी खोटं कशाला लिहू? त्यांचा दम मलाही दिसत होता. नाडी सुटली असं मानणं सोयीचं होतं, एवढंच.

उतरताना म्हटलं, "उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

"ते नको म्हणाले तर तू एकटी जाऊन ये."

मी "छे, काहीतरीच" म्हटलं. पण ते लगेच म्हटलं नाही. मधे दोन-तीन पायऱ्या गेल्या, आणि तेवढ्यात ह्यांनी माझ्याकडे बघितलं होतं.