गोधडीला टाचलेलं झबलं

दि. ९ फेब्रुवारी, शुक्रवार, दुपार

प्रिय बेबीताई,

तुम्हाला आणि भाऊजींना नमस्कार. आमच्या भाचेबुवांच्या दोन्ही गालांचे पापे. आईंनाही नमस्कार, पण तो आत्ता सांगू नका. का ते पुढे कळेल.

आम्ही सगळे ठीक आहोत. ठमीला खालचे दोन दात आले, त्यामुळे घरातलं काहीही तिच्या तोंडात जातं. काल तुमच्या दादांच्या बुटाची लेस चघळत बसली होती. दादा आज डबल ड्यूटी करून संध्याकाळी सहाला येतील. माझी लाँड्रीतली साप्ताहिक सुट्टी आज आहे. इतर दिवशी ठमी समोरच्या ब्लॉकमधल्या शिक्षिकाबाईंकडे असते, पण त्या महिनाअखेरपर्यंतच बघणार आहेत. पुढचं पुढे.

टेलरमामा परवा चिंध्यांचं भलंमोठं गाठोडं टाकून गेले. आई तुमच्याकडे गेल्यात म्हणून सांगितलं तर म्हणाले, "मग हे कोण शिवणार, तुम्ही?" आणि खो खो हसले. मी हसले नाही, तोंड वाकडं केलं. माझा टाका कसा असतो ते त्यांनाही माहीत आहे. बेडकाने उडी मारल्यासारखा. गाठोडं दाराआड पडलंय अजून, सोडलंही नाही.

बघा, कुठच्या कुठे चालले. हे पत्र टेम्पोवाल्या काकांच्या हाती देते आहे, ते उद्या सकाळी तुमच्याच बाजूला निघालेत. उद्या दुपारपर्यंत तुमच्या हातात पडेल. पाकीट डिंकाने चिकटवून वर दोरा घालणार आहे, उघडायला कातर घ्या आणि एकट्या असताना वाचा. तुम्ही म्हणाल, फोन काय मेला होता? बुधवारी केला होता ना मी. तुम्ही नेहमीसारखा स्पीकर लावलात, आणि शेजारून आईंचा आवाज, "बोल गं, मी बाळाला मांडीवर घेऊन बसलेय." मी ठमीच्या दातांचं सांगितलं आणि ठेवला. मेसेज चार वेळा लिहून पुसला, कारण तुमचा फोन अर्धा दिवस भाऊजींच्या हातात असतो.

त्याच फोनमध्ये तुम्ही हसत हसत सांगितलंत, "वहिनी, आईचं काय नवीन खूळ! म्हणते, सकाळी निघताना तीस सुया ओवून जात जा. बाळासाठी गोधडी शिवायला घेतलीय." आणि सोमवारी तुमची रजा संपते, तुम्ही कामावर हजर होणार, घरात दिवसभर फक्त आई आणि तीन महिन्यांचं बाळ.

ताई, सोमवारी बाळाला आईंजवळ एकटं ठेवू नका. एक तासही नाही. आईंना दिसत नाही.

कमी दिसतं असं नाही. उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. गेल्या वर्षी मी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं होतं, देवाशपथ नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, फार उशीर झाला, जे गेलं ते परत यायचं नाही. जिन्यावरून उतरताना आईंनी माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. म्हणाल्या, "घरात कुणाला बोलायचं नाही. पोराला नाही, पोरीला तर नाहीच. मला कोपऱ्यात बसवतील." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशी तुमची आई.

आणि मी गप्प बसले. त्यांच्यासाठी बसले असं लिहायला बरं वाटलं असतं, पण खरं तसं नाही. तेव्हा मला सहावा महिना होता. बाळ झालं की चार महिन्यांत कामावर जायचं आणि बाळ आईंजवळ ठेवायचं, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. ते लाँड्रीतलं काम मला आवडतं हो, ताई. दिवसभर चादरींच्या घड्या घालते, वाफेने जीव जातो, पण तिथे मला मैत्रिणी आहेत, तिथे मी कुणाची सून नसते. आईंना दिसत नाही असं म्हटलं असतं तर मला घरी बसावं लागलं असतं. म्हणून मी डोळेझाक केली.

नुसती डोळेझाक नाही, मदतच केली. सकाळी निघताना तीस सुया ओवून उशीला टोचून ठेवायची मी. चिंध्या रंगाप्रमाणे लावायची मी. लाल कापडाच्या कोपऱ्यात एक टाका, निळ्याला दोन, पांढरं कोरं, म्हणजे त्यांना बोटांनी कळायचं. घरभर त्यांच्या पायांना पावलं पाठ, तुमच्याकडे गुडघ्यांचं निमित्त करून भिंत धरून चालत असतील. दादांच्या समोर तर असं नाटक करायच्या, "हा पोपटी इथे बरा दिसेल का गं?" मी म्हणायचे, "दिसेल की." तुम्हाला बाळंतपणात जी गोधडी पाठवली आणि जिचे रंग बघून तुम्ही म्हणालात, आईची नजर अजून काय तेज आहे, ती अशी झाली. रंग माझे होते. टाके मात्र त्यांचेच, आणि ते अजून रांगेत बसवल्यासारखे सरळ पडतात.

आता ती गंमत. तुम्ही फोनवर ऐकलीय, भाऊजींनाही सांगितलीत, आजीने नातीला गोधडीला टाचलं म्हणून. दादा तर लोळले हसून. कामावरच्या सगळ्यांना सांगून आले. ठमी गोधडीच्या कडेला झोपली होती, आजी शिवत शिवत आली आणि झबल्याची कडही गोधडीबरोबर शिवून टाकली, ठमीला उचलायला गेले तर अख्खी गोधडी वर आली! ती गंमत मीच बनवून सांगितली, ताई. तसं झालं नव्हतं.

त्या गुरुवारी लाँड्रीतला बॉयलर बंद पडला आणि आम्हाला साडेअकरालाच सोडलं. मी खुशीत होते. ठमीला घेऊन दुपारभर लोळायचं ठरवत आले. दार लोटलं तर आई गोधडीवर बसून शिवत होत्या, तोंडाने काहीतरी गुणगुणत. माझी चाहूल लागली तशी म्हणाल्या, "हळू ये गं, आत्ताच झोपलीय."

ठमी झोपली नव्हती. झबल्याची कड शिवली होती, एक बाही शिवली होती, चांगली वीतभर, जवळजवळ टाके. तिने कूस वळायला बघितलं असणार. झबलं मागून ताणलं, गळा आवळला आणि तोंड गोधडीच्या घडीत गेलं. ओठ काळेनिळे झाले होते. आवाज नाही, काही नाही. आणि आईंचा हात तिच्या पाठीवर थोपटत होता.

मी कातर घेतली आणि काय काय कापलं मला आठवत नाही. माझा स्वतःचा अंगठा कापला हे संध्याकाळी कळलं. उलटी धरून पाठीवर मारलं, तोंडात फुंकलं, आईगं आईगं करत होते. मग ती रडली. ती रडली ना ताई, तेव्हा मला हसायला आलं. आई विचारत होत्या, "काय झालं? अगं काय झालं? पडली का?"

तेव्हा मी त्यांना मारलं.

लिहिलं एकदाचं. चार पानं भरली तेव्हा हे तीन शब्द लिहिता आले. तोंडात मारलं. एकदा नाही, तीनदा. माझं तोंड सुटतं हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, हात सुटेल हे मलाही ठाऊक नव्हतं. कुणी हात उगारला की माणूस निदान मान वळवतो, डोळे मिटतो. त्यांनी काहीच केलं नाही. त्यांना हात दिसलाच नाही. तोंड माझ्याकडे वर करून तशाच विचारत राहिल्या, काय झालं म्हणून, आणि मी त्या वर केलेल्या तोंडावर मारलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही त्यांना कळलं नाही कुठून येतंय ते. ते तोंड माझ्यासमोरून हलत नाही. चादरीची घडी घालताना दिसतं, ठमीला भरवताना दिसतं.

मग मी ओरडून सांगितलं काय झालं ते. त्यांनी गोधडी चाचपली, कापलेली बाही सापडली. ती हातात धरून बसून राहिल्या. संध्याकाळी दादा यायच्या आत त्यांनी गालावर ओलं फडकं ठेवलं आणि मला म्हणाल्या, "मी दाराला आपटले म्हणेन." मी पोळलेल्या मांजरासारखी घरभर फिरत राहिले. झबलं शिवल्याची गंमत मी जेवताना सांगितली, कारण कापलेल्या गोधडीचं काहीतरी सांगायला हवं होतं. दादा हसले. आईही हसल्या. ताई, त्या हसल्या.

त्यानंतर त्यांनी सुई हातात धरली नाही. ठमी रांगत जवळ गेली की पाय पोटाशी घेऊन बसायच्या. मी ठमीला शिक्षिकाबाईंकडे ठेवायला लागले, दादांना म्हटलं आईंना आता दम लागतो. मग तुमचा फोन आला, आईला पाठवा, माझी रजा संपते. मी नाही म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, "येते." बॅग भरताना मी म्हटलं, आई, तिथे बाळ आहे. तर दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझ्या हाताचं मी कुणाला बोलले नाही, मरेपर्यंत बोलणार नाही. माझ्या डोळ्यांचं तू बोलू नकोस. झाकली मूठ राहू दे." मी मान हलवली. मग लक्षात आलं, मान हलवलेली त्यांना कशी दिसणार. म्हणून तोंडाने "बरं" म्हणाले.

त्या "बरं"ला आज नऊ दिवस झाले. नऊ दिवस मी स्वतःची समजूत घालते आहे. ताई घरात आहेत, बाळ अजून कूस वळत नाही, आई आता जपून असतील. पण त्यांनी सुया मागितल्या. म्हणजे पुन्हा बाळाशेजारी बसून शिवणार. तुम्हाला कळू नये म्हणून पहिल्यापेक्षा जास्त शिवतील, त्यांना मी ओळखते. मी गप्प राहिले आणि तिकडे काही झालं, तर मग मला ठमीकडे बघता येईल का सांगा.

आता काय करायचं ते लिहिते, डोकं ठिकाणावर आहे तोवर. बाळ त्यांच्या मांडीवरून ओढून घेऊ नका. मी ओढलं होतं. हळू सांगून घ्या. त्यांना हातात बाळ हवंच असतं, तुम्ही शेजारी बसा आणि घेऊ द्या. जिन्याचं दार लावत जा. सोमवारी रजा वाढवून मिळाली नाही तर मी ठमीला घेऊन येते, दोन्ही पोरं सांभाळते. माझ्या कामाचं बघून घेईन. पत्र मिळालं की एक फोन करा, नुसता "मिळालं" म्हणा. उद्या संध्याकाळपर्यंत आला नाही तर मी समजेन पोचलं नाही, आणि रविवारी सकाळी दारात उभी राहीन.

त्यांना परत पाठवा असं मी म्हणत नाही. पाठवलंत तर सांभाळेन असं लिहायला घेतलं होतं. पुन्हा हात उठणार नाही असंही लिहायचं होतं. पण मला माझीच खात्री देता येत नाही, ताई, त्या दिवसापासून मला माझ्या हातांची भीती वाटते. तुम्ही आणि दादा मिळून काय ते ठरवा. दादांना मी आज सहाला, ते बूट काढायच्या आत सांगणार आहे. तुमच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे. काय होईल ते होईल.

एक शेवटचं. तुम्ही वाचून झालं की हे पत्र आईंनाही वाचून दाखवा. मोठ्याने, सगळं. त्यांचं गुपित मी फोडलं, तर माझंही फोडलंय हे त्यांना कळायला हवं. मारल्याची ओळ येईल तिथे थांबू नका, तुमच्या आवाजाला जड जाईल तरी वाचा, आणि तीनदा लिहिलंय ते तीनदाच वाचा. त्या विचारतील, "हे तिने स्वतःहून लिहिलंय?" हो म्हणा.

अजूनही म्हणणार असाल तर,
तुमची वहिनी