दगडाची दाढी

प्रिय खड्याबाई,

पत्राला फारच उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र येऊन किती दिवस झाले ते मोजायलाही लाज वाटते. रोज लिहायला बसतो आणि रोज काहीतरी आडवं येतं. आधी चष्म्याची काडी तुटली, मग गुडघा धरला, मग पेन चालेना. खरं सांगायचं तर दोन ओळी लिहिल्या की वाटतं, हे वाचून पोरगी काळजी करेल, म्हणून कागद फाडतो. मग वाटतं, पत्र नाही म्हणून काळजी करत असेल, म्हणून परत बसतो. तुझी आई म्हणते, तुम्ही काळजी करायची नोकरी धरली आहे, तिथून निवृत्त कधी होणार?

आधी कामाचं. तुझी खोली आता गॅसच्या विहिरीपासून लांब दिली आहे असं लिहिलंस. लांब म्हणजे किती लांब? वारा कुठल्या बाजूने येतो? खिडकी उघडी ठेवतेस ना? खडकातून येणाऱ्या त्या गॅसला वासच नसतो, वास नंतर मुद्दाम मिसळतात, असं तू सांगितलंस तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. आयुष्यभर लोकांच्या शेगड्या आणि सिलिंडर दुरुस्त केले ते नाकाच्या जोरावर. उंबऱ्यातूनच सांगायचो, वहिनी, तुमची नळी गेली. आणि आता माझी मुलगी अशा गॅसशेजारी राहते, जो नाकाला कळतसुद्धा नाही. तुम्हाला तिथे धोक्याची घंटा वाजवणारं यंत्र दिलं आहे म्हणतेस, ते ठीक. पण त्याची बॅटरी कोण तपासतं? तूच तपासत जा. दुसऱ्यावर सोडू नकोस.

दुकान बंद केलं तरी लोक येतातच. शेजारचा शिंपी परवा आला आणि म्हणाला, काका, तुमच्या मुलीला विचारून सांगा, जमिनीखाली गॅसचं तळं असतं का? मी त्याला बसवलं आणि तू मला शिकवलंस तसं शिकवलं. अर्ध्यात माझीच गाडी अडली. पण तळं नसतं एवढं त्याला पटवलं.

तुझी आई बरी आहे. तू विचारत नाहीस, मी मात्र दर वेळी लिहितो. ती तुझ्याशी बोलत नाही, तू तिच्याशी बोलत नाहीस, आणि मी मधल्या मध्ये दोघींना जोडलेली रबरी नळी झालो आहे. दोन्ही टोकांना गळतो. तिने तुझ्या नोकरीसाठी शाळेत शब्द टाकला होता, मुख्याध्यापिकाबाई तयार होत्या, आणि तू निघालीस पाइपांच्या आणि मशिनींच्या रानात. ती रागाने म्हणाली, जायचंच असेल तर जा, पण मग मला फोन करू नकोस. लहानपणी दूध पी म्हटलं तर कधी ऐकलं नाहीस. नेमकं हेच बरं ऐकलंस! तेव्हापासून फोन वाजला की ती उठून आत जाते, आणि तू पलीकडून म्हणतेस, घरी सगळे ठीक ना? सगळे म्हणजे कोण गं? घरात मी आणि ती, दोनच माणसं.

गेल्या खेपेला तू आलीस तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. आई स्वयंपाकघरात भांडी घासत होती, नळ जोरात सोडला होता, तू बाहेरच्या खोलीत माझ्यापुढे पिशवीतून तो काळा दगड काढून ठेवलास. मी म्हणालो, एवढ्याशा दगडात गॅस कुठे मावणार? मला आपलं वाटायचं की खाली मोठी पोकळी असेल, आपल्या सिलिंडरसारखी. तू हसलीस आणि भांडी घासायचा स्पंज मागायला आत जाणार होतीस, पण दारातच थबकलीस. मग मीच जाऊन आणला. तू म्हणालीस, बाबा, काही खडक या स्पंजसारखे असतात, दाबले की आतलं सुटतं. पण हा खडक म्हणजे ओल्या वह्यांचा गठ्ठा दाबून दाबून वाळवावा तसा. चिखल, आणि चिखलात मेलेले समुद्रातले बारीक जीव. त्याच जिवांचा खाली उष्णतेने गॅस झाला, आणि तो तिथेच अडकला, कारण यातली भोकं इतकी बारीक की डोळ्याला काय, साध्या भिंगालाही दिसायची नाहीत.

त्यातही गॅस दोन तऱ्हांनी राहतो म्हणालीस. थोडा भोकांत आणि चिरांत सुटा फिरतो. थोडा आतल्या काळ्या कणांना चिकटून बसतो, झाकणाला आतून वाफ धरते तसा. वरच्या दगडांचं एवढं ओझं, आत एवढा दाब, की तो तिथून हलत नाही. मग तुम्ही पाणी आणि वाळू घुसवून खडकाला चिरा पाडता. वाळू चिरा मिटू देत नाही. दाब कमी झाला की आधी सुटा गॅस पळतो, मग चिकटलेला हळूहळू भिंत सोडतो. मी म्हणालो, म्हणजे सिनेमा सुटल्यासारखं, दाराजवळचे आधी बाहेर, मधल्या रांगेतले मागून. तू म्हणालीस, बाबा, अगदी तसंच, म्हणून विहीर सुरुवातीला धो धो देते आणि मग वर्षानुवर्षं थोडं थोडं देत राहते. मला इतका आनंद झाला की काय सांगू. बोलता बोलता आतल्या नळाचा आवाज बंद झाला होता. मला वाटलं, पाणी गेलं.

मग तू तुझं काम सांगितलंस आणि मी घाबरलो. वर काढलेला दगड झटपट लोखंडी डब्यात बंद करायचा, डबा कोमट पाण्यात ठेवायचा, खाली जमिनीत असतं तेवढ्या उबेत, आणि निघणारा गॅस काचेच्या नळीत मोजत बसायचं. अगं, जन्मभर मी गिऱ्हाइकांवर ओरडलो की सिलिंडर गरम पाण्यात ठेवू नका, आणि पगार घेऊन माझी मुलगी तेच करते! तू म्हणालीस, बाबा, पाणी गार झालं की बुडबुडे थांबतात, आणि नवखा माणूस समजतो की दगड रिकामा झाला. ऊब दिली की पुन्हा सुरू. तो दगड तू मला ठेवायला दिलास. तो तुझ्या फोटोशेजारी फळीवर आहे. त्यावर कधी धूळ दिसत नाही. मी पुसत नाही, एवढंच सांगतो.

आता मुद्द्याची गोष्ट. मागच्या आठवड्यात माझ्या मनात आलं, घरात गॅसचा दगड ठेवला आहे, आपण कधी गळती तपासली नाही. एवढा मोठा मिस्त्री आणि स्वतःच्या घरात हा निष्काळजीपणा! मी वाटीत साबणाचा फेस केला, दाढीचा ब्रश घेतला आणि खिडकीजवळ बसून दगडाला चोळू लागलो, नळीच्या सांध्याला लावतो तसा. बुडबुडा काही दिसेना. तेवढ्यात तुझी आई आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, अहो, दगडाची दाढी काय करताय? मी कारण सांगितलं. तर ती हसली. किती दिवसांनी हसली ते मला विचारू नकोस. आणि म्हणाली, त्यातला सुटा गॅस दगड वर येतानाच गेला. चिकटलेला असेल थोडा आत, पण तो असा साबणाला सापडायचा नाही. त्याला ऊब लागते, वेळ लागतो. दगड गप्प बसला म्हणून रिकामा झाला असं नसतं. त्या दिवशी पोरगी एवढं समजावून सांगत होती, तुमचं लक्ष कुठे होतं?

खड्याबाई, माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला. तुझं बोलणं तिला शब्द न् शब्द पाठ! त्या दिवशी पाणी गेलं नव्हतं गं. नळ तिने बंद केला होता.

मी खाली बघून वाटीतला फेस ढवळत बसलो. बोललो असतो तर ती पुन्हा आत गेली असती. तिने दगड माझ्याकडून घेतला, पदराने फेस पुसला आणि फळीवर ठेवला. हे सगळं तुला लिहायचं ठरवलं आणि तेव्हापासून पुन्हा कागद फाडतो आहे. आज दुपारी ती भाजी निवडत बसली होती, माझ्याकडे न बघता म्हणाली, तिला लिहिताय ना, मग एक विचारा. दगडापासून सुटलेला गॅस गेला तो गेलाच, की पुन्हा येऊन चिकटू शकतो? मला हसू येणार होतं, पण तिचा चेहरा पाहिला. म्हणालो, तूच विचार की. तर म्हणाली, माझं नाव घालू नका, आपलं सहज विचारल्यासारखं लिहा. मला सहज लिहिता येत नाही, तुला माहीत आहे. एवढ्यासाठीच आज हे पत्र न फाडता पुरं केलं. याचं उत्तर मला पाठवू नकोस, मला त्यातलं कळायचं नाही. दुपारी जेवणं झाली की ती फोनजवळ बसते आणि नसलेली धूळ पुसते. तेव्हा फोन कर. मी उचलणार नाही, बाहेर शिंप्याकडे जाऊन बसेन. पण कर गं, लवकर कर. तोवर माझ्या जिवाला चैन नाही.

तुझाच,
बाबा