तांडापेठेतल्या उन्हाळ्यांची वाटणी

मी, गोपिका भ्रतार चंद्रभान हेडाऊ, वय वर्षे चौसष्ट, जात कोष्टी, धंदा फोटोग्राफी, राहणार तांडापेठ, नागपूर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डाव्या गुडघ्याखेरीज मला कोणताही आजार नाही. मला कोणी धाक घातलेला नाही आणि कोणी लाडीगोडीही लावलेली नाही. याआधी मी असा कोणताही कागद केलेला नाही. वकीलसाहेबांनी मजकूर तपासला. कलम तीन ते सहा फार लांबली आहेत, तेवढी कमी करावीत, असे ते म्हणाले. मी कमी केलेली नाहीत.

कलम १. तांडापेठेतील राहते घर, म्हणजे मागच्या दोन खोल्या, मधले अंगण आणि रस्त्याकडची स्टुडिओची खोली, हे माझे पती कै. चंद्रभान यांच्या पश्चात माझ्या नावावर चढलेले आहे. ते माझा मुलगा गोविंदा, नोकरी कोळसा खाण, राहणार कन्हान, आणि मुलगी सौ. जया, प्राथमिक शिक्षिका, राहणार नंदनवन, या दोघांना सारखे द्यावे. विकायचे असल्यास दोघांनी मिळून विकावे. राखायचे असल्यास छपराची कौले दरवर्षी पावसाआधी फेरावी लागतात, हे गोविंदाने लक्षात ठेवावे. पोस्टात जे काही असेल ते माझ्या दिवसांना वापरावे, आणि उरेल ते जयाने ठेवावे.

कलम २. मागच्या खोलीतला हातमाग माझ्या सासऱ्यांचा. तो शेजारचे नत्थूजी पराते यांना द्यावा. गल्लीत अजून माग चालवणारे तेवढेच राहिले आहेत. त्यांनी तो चालवला तर चांगले. सरपणाला मोडला तरी माझी हरकत नाही. लाकूड सागाचे आहे, एवढे त्यांना सांगावे.

कलम ३. यशिका कॅमेरा, चामड्याच्या पेटीसह, जयाला द्यावा. तो माझ्या हाती कसा आला ते इथे लिहिते, कारण पुढची कलमे त्याशिवाय कळणार नाहीत.

माझे पती विणकराच्या घरातले. तरुणपणी सीताबर्डीवर एका स्टुडिओत काम शिकले आणि १९४८ साली आमच्या पुढच्या खोलीत त्यांनी स्वतःचा पडदा टांगला. १९६२ साली त्यांना काचबिंदू झाला. आधी उजवा डोळा गेला, दुसऱ्या वर्षीच्या थंडीत डावा गेला. तोवर मी अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायला शिकले होते. काढायला शिकले ते त्यानंतर. लग्नसराई तोंडावर आली होती आणि आम्ही तीन लग्नांचा विसार घेऊन बसलो होतो.

सासरे तेव्हा हयात होते. सुनेने गळ्यात कॅमेरा घालून लोकांच्या मांडवात फिरावे, हे त्यांना पटणारे नव्हते. पण या कॅमेऱ्यात वरून बघावे लागते. मी अंगणात उभी राहून त्यांना दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "मान खालीच हाये न, मंग ठीक हाये." एवढ्यावर परवानगी मिळाली.

पहिली काही वर्षे माझे पती माझ्यासोबत येत. मी त्यांचा हात धरून नेत असे. ते विचारत, "अवं, ऊन कोणत्या अंगानं हाये?"

"भितीवर हाये. डाव्या अंगानं."

"मंग भिंगाचा आकडा अकरावर ठेव. अन् मानसाच्या तोंडाकडं पाहू नको, हाताकडं पाह्य. तोंड आपोआप येते."

पुढे त्यांना चालणे जड झाले. मग मी एकटी जाऊ लागले, आणि घरी आल्यावर एकेक फोटो त्यांना सांगायचा, असा नियम झाला. कोण होते, काय करत होते, सावली कुठवर आली होती. ऐकून ते चूक काढत. बहुतेक वेळा ती बरोबर असे.

कलम ४. निगेटिव्ह. लाकडी कपाटात पत्र्याचे अकरा डबे आहेत. पहिल्या तीन डब्यांवर त्यांचे अक्षर आहे. ते काम त्यांचे. उरलेले आठ डबे १९६४ च्या उन्हाळ्यापासूनचे. ते काम माझे. हे आजवर मी कुठे लिहिलेले नव्हते, म्हणून इथे लिहिते.

लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो ज्याचे त्याने नेले. डब्यांत आहे ते कोणी सांगितल्याशिवाय काढलेले. आमच्या वस्तीत उन्हाळ्यात घरातले सगळे बाहेर येते. पहाटे गल्लीभर मागाचा ताणा, म्हणजे उभे सूत, पसरून त्याला खळीची पाजण देतात, तेव्हा गल्लीतून जाता येत नाही, भिंतीला चिकटून सरकावे लागते. दुपारी त्याच गल्लीत कुत्रेही दिसत नाही. संध्याकाळी खाटा बाहेर येतात. नळावर हंड्यांची रांग लागते आणि बायका घरी जाऊन स्वयंपाक उरकतात, हंडे जागा धरून राहतात. रामनवमीची शोभायात्रा, बुद्ध पौर्णिमेला पलीकडच्या वस्तीत वाटली जाणारी खीर, मैदानावरची सामुदायिक लग्ने. एका वर्षी एकाच मांडवात सोळा नवऱ्या होत्या आणि एकीलाही आपला नवरा सापडेना, कारण सगळ्यांचे बाशिंग सारखे होते.

गल्लीतल्या यमुताई निखारे छतावर सरगुंडे, म्हणजे हाताने वळलेल्या शेवया, वाळत घालत. १९७१ साली त्यांनी मला तिथे येऊ दिले नाही. सरगुंड्यांना दृष्ट लागते म्हणाल्या. पुढच्या वर्षी स्वतःच बोलवायला आल्या. या दोन्ही गोष्टी मला आठवतात.

कलम ५. माझे दीर श्री. मनोहरराव यांच्याबद्दल.

१९७९ च्या एप्रिलमध्ये शहरातल्या हौशी छायाचित्रकारांच्या एका मंडळाने जुन्या वस्त्यांच्या फोटोंचे प्रदर्शन भरवायचे ठरवले. मनोहरराव कचेरीत कारकून होते. त्यांनी अर्ज आणला आणि माझ्या डब्यांतले बेचाळीस फोटो निवडले. मी भाकरी थापत होते. ते चौकटीत उभे राहून म्हणाले, "वहिनी, नाव दादाचंच टाकून राहिलो. चालन न?"

मी पिठाचा पुढचा गोळा घेतला.

"तुमचं टाकलं तं लोक दहा गोष्टी विचारतीन. अन् दादाच्या मनाले लागन."

मी म्हटले, "टाका."

मी 'टाका' म्हटले हे मी लपवत नाही. हात पिठात होते आणि तवा तापला होता. याहून मोठे कारण मला आजही देता येत नाही.

बेचाळीस फोटोंपैकी एकही फोटो माझ्या पतींचे डोळे असतानाचा नव्हता.

पहिले बक्षीस त्या फोटोंना मिळाले. समारंभ मे महिन्यात झाला. मी त्यांचा हात धरून त्यांना मंचाच्या पायऱ्यांपर्यंत नेले, तिथून मनोहररावांनी वर नेले. मी तिसऱ्या रांगेत बायकांत बसले. अध्यक्षांना वाटले, डोळे अलीकडे गेले असावेत. ते म्हणाले की, चंद्रभानजींची नजर गेली, पण त्या नजरेने जे टिपले ते राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल, नारळ आणि एक पितळी पाटी दिली. माइक यांच्यापुढे धरला तेव्हा हे म्हणाले, "मले या कॅमेऱ्यानं लय दिलं. सगळ्याईचे आभार." आणि थांबले. मला वाटले, आणखी काही बोलतील. माइक काढून घेतला.

परत येताना सायकलरिक्षात नारळ माझ्या मांडीवर होता. यांनी विचारले, "राग आला काय वं?"

"नाही."

"खरं सांग."

"राग आला असता तं सांगतलं असतं. काही वाटूनच नाही राह्यलं."

ते खरे होते. आतून काहीतरी बंद पडले होते, आणि बंद पडताना आवाजही झाला नव्हता.

कलम ६. या कलमात कोणालाही काही दिलेले नाही.

त्या दिवसापासून मी त्यांना फोटो सांगणे बंद केले. भांडण केले नाही. जेवण वेळेवर दिले, डोळ्यांत औषध घातले, आंघोळीचे पाणी काढले. फोटोही काढत राहिले. फक्त सांगितले नाही. ते विचारत, "कोठं गेली होतीस?" मी म्हणे, "बाजारात." एकदा त्यांनी खुंटीवरच्या कॅमेऱ्याला हात लावला आणि म्हणाले, "कॅमेरा तापला हाये. उन्हात होता." मी म्हटले, "खिडकीतून ऊन येते." त्या भिंतीत खिडकी नाही, हे त्यांना माझ्याइतकेच माहीत होते. घर त्यांचेच होते.

सहा महिन्यांनी त्यांनी विचारणे सोडले. तीन वर्षे आम्ही असे राहिलो. १९८२ च्या मे महिन्यात त्यांना ताप आला, चार दिवस मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात ठेवले, पाचव्या दिवशी ते गेले. मी रडले नाही. बायकांना ते खटकले. माझा इलाज नव्हता.

दोन वर्षांनी जया दिवाळीला आली होती. भांडी घासता घासता म्हणाली, "आई, एक सांगू काय? बाबा मले तुह्या डब्यातले फोटो काढायले लावत."

"कोणते फोटो?"

"सगळे. सुट्टीत मी आली अन् तू बाहेर गेली, का मी एकेक काढून त्याईले सांगत होती. 'तुह्या मायले सांगू नको' म्हणत."

मी विचारले, ते काय म्हणत.

जयाने हात धुतले. "म्हणत, तुही माय आता माह्या पुढं निघून गेली. सावली कोठं तोडावी ते मले असं कधीच नाही जमलं." मग हात पदराला पुसत म्हणाली, "अन् एकदा म्हणाले, स्टेजवर तिचं नाव माह्या तोंडात आलं होतं. लोक टाळ्या वाजवून राह्यले होते. मंग ते तसंच राह्यलं."

"मले आधी काहून नाही सांगतलं?"

"त्याईनं शपथ घातली होती."

मी उरलेली भांडी घासली. हे ऐकून मला बरे वाटले की वाईट, ते मला त्या दिवशी ठरवता आले नाही. अजून ठरलेले नाही. मुलांनी एवढेच जाणावे की, त्यांचे बोलणे एका दिवसापुरते राहून गेले आणि माझे तीन वर्षे. दोन्ही मोजले तर माझे जास्त भरते.

कलम ७. मागच्या वर्षी त्याच मंडळाचे एक गृहस्थ आले. कै. चंद्रभान हेडाऊ यांच्या नावाने कायमचा संग्रह करायचा आहे, निगेटिव्ह द्याव्यात, असे म्हणाले. भले माणूस होते. मी त्यांना कलम चार तोंडी सांगितले. ते हसून म्हणाले, "बाई, नवराबायकोत माझं-तुझं काय असतं?" मी त्यांना चहा दिला. निगेटिव्ह दिल्या नाहीत.

म्हणून पहिले तीन डबे, हवे असल्यास, त्या मंडळाला द्यावेत. ते काम यांचे आहे आणि चांगले आहे. पितळी पाटी गोविंदाने ठेवावी. तिच्यावरचे नाव खोडू नये. शाल मी वापरून फाडली आहे.

माझे आठ डबे कुठल्याही संस्थेला देऊ नयेत. मी गेले वर्षभर त्यातल्या निगेटिव्ह घराघराप्रमाणे वेगळ्या करून पाकिटांत घातल्या आहेत. पाकिटावर घराचे नाव आहे. ज्याच्या घरचा उन्हाळा, त्याला तो द्यावा. ताण्याचे नत्थूजींना. सरगुंड्यांचे यमुताईंच्या सुनेला. खिरीचे पलीकडच्या विहाराला. सोळा नवऱ्यांपैकी अकरा जणींचे पत्ते मिळाले, त्यातली एक बेसा गावी आहे आणि एक वारली, तिचे तिच्या मुलाला. ज्यांचा पत्ता लागणार नाही, त्यांची पाकिटे नळाजवळच्या पार्वतीबाईंकडे ठेवावीत. वस्ती सोडून गेलेले लोक त्यांच्याकडे कधीतरी येतातच.

हे काम जयाने करावे. गडबड नाही, पण शाळेच्या एका उन्हाळी सुट्टीत उरकावे. पाकीट देताना तिने एवढेच म्हणावे : हे माझ्या आईने काढले. कोणी "चंद्रभानजीच्या हातचे न?" असे विचारले तर वाद घालू नये. तेच वाक्य पुन्हा म्हणावे आणि पुढच्या घरी जावे.

कलम ८. मनोहरराव यांना मी काहीही दिलेले नाही. हे रागाने नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्ष न केलेली बरी, असे वकीलसाहेब म्हणाले, आणि मला साक्षीला मनोहररावच हवे होते.

वरील सर्व मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला आणि त्यांच्यादेखत खाली सही केली.

ठिकाण : तांडापेठ, नागपूर.
बुधवार, दि. १४ मे १९८६. वेळ सकाळी साडेनऊ.

(सही) गोपिका चंद्रभान हेडाऊ

साक्षीदार १ : (सही) देवाजी रामटेके, सेवानिवृत्त शिक्षक, वय अडुसष्ट. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत होत्या.

साक्षीदार २ : (सही) मनोहर हेडाऊ, सेवानिवृत्त कारकून, वय पासष्ट. सही माझ्यासमोर झाली. कलम पाच ऐकले, मग चष्मा लावून स्वतः वाचले. अर्ज माझ्या अक्षरातला होता. फोटो वहिनींनी काढले होते, हे मला अर्ज भरतानाही माहीत होते.