बाबांचं लॅमिनेट केलेलं कार्ड

बिटुंग, मंगळवार

आईस, येर्मियासचा नमस्कार.

मी बरा आहे. मासळीच्या कारखान्यात दोन वेळचं जेवण मिळतं.

खाऱ्या हवेनं खराब होऊ नये म्हणून तू बाबांचं बँकेचं कार्ड लॅमिनेट करून दिलंस ना, ते मशीनमध्ये शिरेचना. रखवालदार म्हणाला, “काय रे, भिंतीवर टांगायचंय का हे?” प्लास्टिक सोललं, तर मशीन म्हणतं कार्ड जुनं, चिप नाही.

बँकेतल्या बाई म्हणाल्या, “नवीन मिळेल, पण ज्यांचं खातं त्यांनीच यायला हवं.”

मी म्हटलं, “ते बोटीवर आहेत.” दोन वर्षांपूर्वी गेलेली बोट परतलीच नाही, हे काही तोंडून निघालं नाही.

बाबांच्या खात्यातल्या पैशांतून छपराचे पत्रे घ्यायचे होते, ते आता माझ्या पगारातून बघतो. कुठे कुठे गळतंय?

कार्ड पुन्हा लॅमिनेट करून घेतलंय.

तुझा,
येर्मियास