आठातले दोन कोअर

नौपाडा, ठाणे
३ नोव्हेंबर २०२५

चि. विनीत यास अनेक आशीर्वाद.

रविवारी माझ्या डेस्कटॉपच्या पोटात दुसरा, जुना संगणक बसवून गेलास. व्हर्च्युअल मशीन म्हणतोस ते. कोलशेतच्या आवडाबाईंनी सांगितलेले मिठागरातले नऊशे शब्द मी वीस वर्षांपूर्वी ज्या प्रोग्रॅममध्ये टाइप केले, तो त्यात उघडतो, कबूल. पण एक पान सरकेपर्यंत चहा उकळतो. प्रोसेसरचे आठही कोअर त्याला दिलेत, आता विमान उडेल, म्हणाला होतास. माऊससुद्धा हलत नाही! छापखान्याला पानं पंधरा तारखेपर्यंत हवीत. आवडाबाई ब्याण्णव वर्षांच्या आहेत. त्यांना ऐकू येतंय तोवर पुस्तक व्हायला हवं. काय करू, कळव.

तुझी, अजून तरी प्रेमळ,
आत्या

टिटवाळा
६ नोव्हेंबर

ती. नंदाआत्यास शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र वाचून कान लाल झाले. आठाहून जास्त कोअर नाहीतच गं. मशीन म्हातारं झालंय, नवीन घेऊ. वीस तारखेनंतर येतो, तोवर सेटिंगला हात लावू नकोस, प्लीज. शिवानी म्हणते, आत्यांना असं लिहिणं म्हणजे हात लावा म्हणणंच.

रागाव, पण माया आटू देऊ नकोस.
विनीत

नौपाडा
१२ नोव्हेंबर

चि. विनीत व शिवानी यांस आशीर्वाद.

सूनबाई तुझ्यापेक्षा हुशार आहे. लावला हात. शाळेत नन्सनी इंग्रजी घोटून घेतलंय, मॅन्युअल वाचलं. अरे, ते आठ कोअर मूळ संगणकाचेच ना? सगळे पाहुण्याला दिलेस, मग यजमानाने काम करायचं कशावर? दोघंही एकमेकांसाठी खोळंबून बसले. त्यात माझा जुना प्रोग्रॅम एका वेळी एकच कोअर वापरतो. मी आतलं जुनं मशीन बंद केलं, आठाचे दोन केले, पुन्हा सुरू केलं. पानं सरसर पुढे! म्हातारं म्हणे.

काल दोनशे बारा पानं छापखान्यात दिली आणि एक प्रत घेऊन कोलशेत गाठलं. आवडाबाईंची सून दर्शना शब्द वाचू लागली, तर बाईंनी तिला थांबवून पहिल्या पानावर काय लिहिलंय ते विचारलं. शब्द सांगणाऱ्या: आवडाबाई काळुराम भोईर. तेवढंच तीनदा वाचून घेतलं. मग शेजारणीला हाक मारून बोलावलं. तिच्यासमोर चौथ्यांदा मी वाचलं, उभी राहून.

जेवायला या, लोभ पानात वाढून ठेवते.
नंदाआत्या